सतरा नंबरचा रांचू

त्या माशाच्या पाठीवर काटा नव्हता. हे मला कळलं तेव्हा त्याला बाद करून तीन आठवडे होऊन गेले होते.

मासा रांचू जातीचा. ही गोल्डफिशचीच एक जात, पण दुकानातल्या काचेच्या पेटीत दिसतो तो हा मासा नव्हे. अंगाने आखूड आणि गोल, बटाट्यासारखा. डोक्यावर तुतीच्या फळासारखे बारीक बारीक फुगे. शेपटी दुहेरी, पंख्यासारखी उघडलेली. आणि पाठीवर पर अजिबात नाही. डोक्यापासून शेपटीपर्यंत पाठ गुळगुळीत, मागे जाता जाता कमानीसारखी खाली उतरलेली. हा मासा बाजूने नाही, पसरट टबात ठेवून वरून बघायचा असतो. पोहतो म्हणजे डुलतो. पाठीवर पर नसल्यामुळे तोल सांभाळायला त्याला कष्ट पडतात, आणि आखूड अंगात आतडी कोंबलेली असल्यामुळे चार दाणे जास्त खाल्ले तरी उलटा होऊन तरंगायला लागतो. त्याला थंडी बाधते, ऊन बाधतं, नवं पाणी तर सगळ्यात जास्त बाधतं.

क्वचित एखाद्या पिल्लाच्या पाठीवर पूर्वीच्या पराची खूण म्हणून बारीक काटा राहून जातो. हाताला लागेल न लागेल इतका. तेवढा दोष असला की बाकी मासा कितीही देखणा असो, स्पर्धेतून बाद. या नियमात दया-माया नाही.

मी मूळचा सांगलीकडचा. लग्नानंतर विरारला पश्चिमेला फ्लॅट घेतला आणि वसई पूर्वेच्या एका कारखान्यात नोकरीला लागलो, ते अजून तिथेच आहे. माझं काम तयार माल तपासण्याचं. बोल्ट हातात घ्यायचा, आटे बघायचे, गेज लावायचा, पास किंवा रिजेक्ट. दिवसाला शेकडो. या कामात हात बसला की माणूस विचार करत नाही, बोटंच ठरवतात.

माशांचा नाद मुलीमुळे लागला. ती शाळेत असताना तिच्या हट्टापायी चार रांचू आणले. नळाचं पाणी भरलं, मासे सोडले आणि दुसऱ्या दिवशी चारही मेले. मुलगी दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. दुकानात तक्रार करायला गेलो तेव्हा तिथे एक वयस्कर गृहस्थ अळ्या घ्यायला आले होते. त्यांनी विचारलं, पाणी किती दिवसांचं होतं? मी म्हटलं, ताजं होतं, त्याच दिवशी भरलेलं. ते दुकानदाराकडे बघून म्हणाले, "यांना दुसरे मासे देऊ नका. आधी माझ्याकडे पाठवा."

ते आगाशीचे. बाजाराच्या मागे त्यांची छोटी वाडी होती आणि वाडीत नारळाच्या सावलीला सिमेंटचे नऊ टब. माशांच्या नादातले सगळेच त्यांना काका म्हणायचे. मीही म्हणायला लागलो. बारा वर्षं मी दर रविवारी त्यांच्याकडे जात होतो. पाणी शिळं कसं करायचं, कुठल्या महिन्यात किती खायला घालायचं, शेकडो पिल्लांतून दहा कशी निवडायची, हे सगळं त्यांनी शिकवलं. आमच्या सोसायटीने बऱ्याच वादानंतर गच्चीचा एक कोपरा मला वापरू दिला. तिथे माझे पाच टब आहेत.

दरवर्षी जानेवारीत वसईतल्या एका शाळेच्या सभागृहात आमच्या हौशी मंडळींची स्पर्धा भरते. काका मुख्य परीक्षक. दुसरे परीक्षक पालघरकडचे एक डॉक्टर. त्या वर्षी तिसऱ्यांनी ऐनवेळी येत नाही म्हणून कळवलं, तेव्हा काकांनी माझं नाव सुचवलं. मला केवढा आनंद झाला ते सांगता येत नाही. बायकोने नवा शर्ट इस्त्री करून दिला.

पद्धत अशी, की पहिल्या फेरीत तिघांनी टेबलांच्या रांगा वाटून घ्यायच्या आणि उघड दोष असलेले मासे बाजूला काढायचे. उरलेल्यांना मग तिघांनी मिळून गुण द्यायचे. प्रत्येक मासा पांढऱ्या पसरट टबात, टबावर फक्त नंबर. कोणाचा मासा ते परीक्षकाला माहीत नसतं. मालक मंडळी दोरीच्या पलीकडे उभी असतात.

सतरा नंबरचा मासा मला अजून तसाच आठवतो. नारिंगी अंग, गालांवर पांढरा डाग, शेपटीच्या टोकांना पांढरी कड. रुंद पाठ. टबाच्या कडेने तो असा सावकाश फिरत होता, की मी पहिल्यांदा नुसता बघतच राहिलो. आणि मग पाठीच्या मध्यावर, जरा डावीकडे, काहीतरी उठलेलं दिसलं. तिळाच्या निम्म्याएवढं.

मी वाकलो नाही. टब फिरवून बघितला नाही. मागे काका उभे आहेत हे मला माहीत होतं, आणि दोष मी पटकन पकडला हे त्यांना दिसावं असं वाटत होतं. खरं कारण एवढंच. चिठ्ठीवर लिहिलं, 'पाठीवर काटा. बाद.' तेवढ्याने भागलं असतं. पण माझा हात थांबला नाही. खाली लिहिलं, 'पैदाशीस अयोग्य.' हे परीक्षकाने लिहायचं नसतं. कोणी मला विचारलंही नव्हतं. सही केली, चिठ्ठी टबाला लावली आणि पुढच्या टेबलावर गेलो.

दोरीपलीकडून कोणीही काही बोललं नाही. नंतर जेवणाच्या सुट्टीत सतरा नंबरचा टब रिकामा दिसला. मालक मासा घेऊन गेला असणार, असं मी मनाशी म्हटलं आणि विसरलो.

तीन आठवड्यांनी एका शनिवारी दुपारी मी घरी सोफ्यावर पडलो होतो. बायको समोर मटार सोलत होती. आमच्या हौशी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी स्पर्धेचं चित्रण टाकलं होतं, ते बघत होतो. एकेका टबावरून कॅमेरा फिरत होता. सतरा नंबर आला. खिडकीतलं ऊन टबात पडलं होतं. मासा वळला तशी पाठीवरची ती बारीक गोष्ट चमकली. पुढे गेला, ती खाली बसली. पुन्हा वळला, पुन्हा उठली.

काटा हाडाचा असतो. तो उठत नाही आणि बसत नाही.

मी चित्रण मागे घेऊन पुन्हा बघितलं. पाच-सहा वेळा बघितलं असेल. मग फोन बायकोपुढे धरला आणि विचारलं, तुला काय दिसतं? ती माशांमधलं फारसं काही जाणत नाही. तिने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "हलतंय की ते. खवलं सुटलंय त्याचं."

खवलंच होतं. प्रवासात पिशवीला घासून एक खवलं अर्धवट सुटलं होतं. मी टब नुसता अर्धा फिरवला असता तरी कळलं असतं.

मी काकांना फोन केला, पण चित्रणाबद्दल काही बोललो नाही. सतरा नंबर कोणाचा होता एवढंच विचारलं. त्यांनी वही बघून सांगितलं, की भुईगावच्या एक बाई आहेत, घरच्या वाडीत टब आहेत त्यांचे, दोन-तीन वर्षांपासून येतात, फार बोलत नाहीत. मग स्वतःहूनच कौतुकाने म्हणाले, "पण कडक आहे हां ती. जो मासा नापास झाला तो घरात ठेवत नाही. सरळ बावखलात सोडून देते."

बावखल म्हणजे इकडच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. पूर्वी लोकांनी वाडी शिंपायला खणलेलं. त्यात साप असतात, मोठे मासे असतात, काठावर बगळे आणि खंड्या टपलेले असतात. धड पोहता न येणारा नारिंगी रांचू अशा पाण्यात आठवडाभर जरी टिकला तरी खूप. मी फोन ठेवला. 'पैदाशीस अयोग्य' हे माझ्याच अक्षरातले शब्द सारखे डोळ्यांपुढे येत होते.

खरं तर दुसऱ्याच दिवशी जायला हवं होतं. मी गेलो नाही. त्या रविवारी सोसायटीची सभा होती. पुढच्या रविवारी टब घासायचे होते. मधल्या दिवसांत कारखान्यात बोल्ट तपासताना मी एकेक नग दोनदा बघायला लागलो, आणि माझ्या टेबलावर माल साचायला लागला. सुपरवायझरने विचारलं, बरं वाटत नाही का? मी हो म्हटलं. बाईंचा फोन नंबर काकांकडून मिळवून ठेवला होता, पण तोही फिरवला नाही.

शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, फोन करून मोकळं व्हायचं तुमच्या मनात आहे, ते मला कळतंय. पण तो मासा जिवंत आहे का ते फोनवर दिसणार आहे का? उद्या सकाळी जा. मला हवं तर बरोबर घ्या."

तिला बरोबर नेलं नाही. माझी फजिती तिच्यासमोर व्हायला नको होती. सकाळी स्कूटर काढली आणि आगाशीवरून, निर्मळ मागे टाकून भुईगावला पोचलो. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून टेम्पो आला तर कुंपणाला चिकटून उभं राहावं लागत होतं. दोन ठिकाणी विचारलं. तिसऱ्या वळणावर क्रूस आहे, त्याच्यापुढचं केळीच्या वाडीतलं घर, असं एकाने सांगितलं.

ओट्यावर एक म्हाताऱ्या आजी अळूच्या पानांच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. मी बाईंचं विचारलं. त्या त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या, त्यातलं अर्धंच मला कळलं. सून मागे वाडीत गेली आहे, येईल, बसा, असं असावं. मी बसलो. पण बसवेना. घराच्या उजव्या अंगाला नारळ होते आणि नारळांच्या पलीकडे पाणी चमकत होतं. मी उठून तिकडे गेलो.

बावखल चांगलं मोठं होतं. हिरवं पाणी, एका बाजूला पाणवनस्पतींचा थर. पलीकडच्या काठावर एक बगळा उभा होता. मी पाण्याकडे बघत राहिलो. आधी काही दिसलं नाही. मग काठाजवळच पाण्याखालून नारिंगी काहीतरी वर आलं, तोंड उघडून बंद केलं आणि पुन्हा खाली गेलं.

मी गुडघ्यावर बसलो. पुन्हा तेच वर आलं, मग त्याच्या बाजूला अजून एक. रांचूच होते. एकाची शेपटी एका अंगाला मुडपलेली होती. दुसऱ्याचं नीट दिसत नव्हतं, पाणी गढूळ होतं. मी त्याच्या गालावर पांढरा डाग दिसतो का ते बघायचा प्रयत्न करत होतो. डाग असावा असंही वाटत होतं, नसावा असंही वाटत होतं.

"सर, तिथे शेवाळ आहे. घसराल."

मागे वळलो. पन्नाशीच्या एक बाई, हातात कोयता, डोक्याला रुमाल गुंडाळलेला. मी कोण ते त्यांना ओळखू आलं होतं. मी उठून उभा राहिलो. गुडघ्यांना चिखल लागलेला. येताना स्कूटरवर मनाशी बरंच जुळवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना.

मी सरळ सांगून टाकलं. म्हटलं, तुमचा सतरा नंबरचा मासा मी बाद केला. तो काटा नव्हता, खवलं सुटलं होतं. मी नीट न बघता लिहिलं. खालची ओळ लिहायचा तर मला अधिकारच नव्हता. चूक माझी. ती सांगायला आलोय, आणि तो मासा... यापुढे मला विचारवेना, मी नुसता पाण्याकडे हात केला.

त्यांनी माझ्या हाताच्या दिशेने बघितलं. मग कोयता केळीच्या बुंध्याला टेकवून ठेवला आणि म्हणाल्या, "या माझ्याबरोबर."

घराच्या मागे विहिरीशेजारी जाळीच्या मांडवाखाली त्यांचे सात टब होते. काठापर्यंत स्वच्छ. शेवटच्या टबावरची झाकणाची जाळी त्यांनी उचलली. आत तीन मासे होते. मधला तोच. नारिंगी, गालांवर पांढरा डाग, शेपटीला पांढरी कड. आमची सावली पडली तसा तो खायला मिळेल म्हणून डुलत वर आला.

माझा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले ते त्यांना दिसू नयेत म्हणून वाकून माशाच्या पाठीकडे बघत राहिलो. पाठ स्वच्छ होती. मध्यावर, जरा डावीकडे, एक खवलं बाकीच्यांपेक्षा किंचित फिकट होतं. नवं आलेलं.

बाई म्हणाल्या, की त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी मासा टबात सोडायच्या आधी ओल्या हाताने पाठीवरून बोट फिरवलं होतं. खवलं बोटाला लागलं. तिसऱ्या दिवशी ते गळून पडलं. पिशवीतून काढताना घासलं असणार, गाठ जरा घट्ट बसली होती.

"म्हणजे तुम्हाला त्याच दिवशी माहीत होतं?" मी विचारलं.

"हो."

"मग तिथेच का नाही बोललात? मला सांगायला हवं होतं."

त्यांनी हातातली जाळी कडेला ठेवली. मग म्हणाल्या, "तुम्ही सही करून पुढे गेला होतात. तिथे आम्ही दोघी-तिघीच बायका असतो, सर. आणि खरं सांगू का, घरी येईपर्यंत मलाही वाटत होतं, की असेलही काटा. मलाच दिसला नसेल."

हे ऐकून मला जी लाज वाटली ती मासा जिवंत दिसल्याने कमी होणारी नव्हती. मी म्हटलं, माझ्या त्या चिठ्ठीमुळे तुम्ही त्याला बावखलात सोडलं असतं तर?

त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने बघितलं. "चिठ्ठी बघून कशाला सोडीन? तुम्ही त्याला एक मिनिट बघितलंत. मी दोन वर्षं रोज बघते."

बावखलातले ते दोन मासे गेल्या पावसाळ्यातल्या पिल्लांपैकी होते. वाकड्या शेपटीचे. तेवढेच वाचलेत, बाकीचे बगळ्याने नेले, असं त्यांनी सांगितलं. आणि हसल्या. पहिल्यांदाच हसल्या. मला इतकं हलकं वाटत होतं, की मीही हसलो, जरी त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

मग बराच वेळ आम्ही टबांपाशीच होतो. विहिरीचं पाणीसुद्धा त्या दोन दिवस उन्हात ठेवून मग भरतात. मासे कुठून आले ते विचारलं, तर म्हणाल्या, नवऱ्याने बोटीवर नोकरीला असताना हौसेने आणून दिली होती पहिली जोडी, तो आता घरीच असतो आणि माशांकडे ढुंकूनही बघत नाही. 'पैदाशीस अयोग्य' अशा त्या माशाची मादीबरोबर जोडी त्यांनी आठवड्यापूर्वीच लावली होती. शेजारच्या टबात शेवाळाच्या झुबक्याला अंडी चिकटलेली होती. त्यांनी झुबका हलकेच वर उचलून दाखवला. अंड्यांमध्ये काळे ठिपके दिसत होते. डोळे.

निघताना मी विचारलं, की मी स्पर्धेच्या मंडळाला चूक झाल्याचं लिहून देऊ का? मला वाटलं, त्या नको म्हणतील, जाऊ द्या म्हणतील. त्या म्हणाल्या, "हो, लिहा. मला हवंय ते. निकाल बदलू नका, पण चूक झाली असं लिहा. चिठ्ठी घरातल्या सगळ्यांनी वाचलीय, आता हेही वाचतील."

ओट्यावरच्या आजींनी मला जाताना राजेळी केळ्याची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, बांधून दिली. मी कशासाठी आलो होतो ते त्यांना कळलं होतं की नाही, कोण जाणे.

परतताना आगाशीला काकांकडे थांबलो. भुईगावला जाताना जेवढी भीती नव्हती तेवढी त्यांच्या फाटकापाशी वाटली. बारा वर्षं त्यांनी मला शिकवलं होतं आणि परीक्षक म्हणून पहिल्याच वर्षी मी हे केलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चित्रण मागितलं, फोन डोळ्यांजवळ धरून दोनदा बघितलं. मग फोन परत दिला आणि बराच वेळ टबातल्या पाण्यावरची पानं काढत राहिले.

"मी तुझ्या मागे उभा होतो," ते म्हणाले. "मलाही काटाच वाटला. गुडघा दुखत होता म्हणून मी वाकलो नाही. तू वाकला नाहीस, कारण मी मागे होतो. हो ना?"

मी हो म्हटलं.

"मग पत्रावर माझीही सही घे."

पत्र मी तिथेच त्यांच्या पडवीत बसून लिहिलं. चार ओळींचं. सतरा नंबरच्या माशाच्या पाठीवर दोष नव्हता, परीक्षकाने नीट न पाहता तो बाद केला, आणि पैदाशीबद्दलचा शेरा चुकीचा व अनाठायी होता. खाली माझी सही, तिच्याखाली काकांची. 'अनाठायी' हा शब्द काकांचा. मी आधी 'अनावश्यक' लिहिलं होतं.

घरी पोचलो तर बायको दारातच उभी होती. तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि आत जाऊन जेवणाचं ताट वाढलं. मी किती दिवसांनी पोटभर जेवलो. सुकेळी दोघांनी मिळून संपवली.

मंडळाने पत्र ग्रुपवर टाकलं. दोघा-तिघांनी माझी टर उडवली. एकाने लिहिलं, की बोल्ट तपासणाऱ्याला मासे तपासायला बसवल्यावर दुसरं काय होणार. ते लागलं, पण फार नाही. मंडळाने दोन गोष्टी ठरवल्या. एक, कुठलाही मासा बाद करायचा तर दोन परीक्षकांनी टब फिरवून बघायचा आणि मालकाला आत बोलावून दोष दाखवायचा. दुसरी, मी एक वर्ष परीक्षक असू नये. दुसऱ्या निर्णयाने मला वाईट वाटेल असं काकांना वाटलं होतं, ते समजूत काढायला घरी आले. मी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, की मला बरंच वाटलं.

मार्चच्या शेवटी भुईगावच्या बाईंचा फोन आला. पिल्लं निवडायला आली आहेत, डोळे दोन जास्त असले तर बरं, तुम्ही याल का? या वेळी मी बायकोला घेऊन गेलो. पांढऱ्या थाळीत थोडं थोडं पाणी आणि पिल्लं घेऊन आम्ही तिघं मांडवाखाली बसलो. पिल्लं नखाएवढी, मातकट रंगाची. सोनेरी रंग यायला अजून अवकाश होता. शेपटी नीट दुभागलेली आहे का, पाठ कमानीसारखी उतरते का, एकेक बघायचं. मी फार हळू करत होतो. बाईंची एक थाळी होईपर्यंत माझी पाव थाळी. बायकोने मात्र पहिल्याच तासात दोन पिल्लांच्या पाठीवरचे काटे पकडले. मी बोटाने चाचपून बघितलं. खरेच काटे होते.

पुढच्या जानेवारीत स्पर्धेला मी सकाळी लवकर गेलो आणि दिवसभर पाणी वाहण्याचं काम केलं. टब भरायचे, रिकामे करायचे, सांडलेलं पुसायचं. बाईंनी तोच मासा आणला होता, मोठ्या माशांच्या गटात. या वर्षी कोणी त्याला बाद केलं नाही. शेवटच्या फेरीत पाच मासे उरले आणि काकांनी त्याला तिसरा ठरवला.

दोरीपलीकडून हात वर झाला. बाई म्हणाल्या, मला विचारायचंय. त्यांना आत बोलावलं. त्यांचं म्हणणं, की दुसऱ्या नंबरच्या माशाचं डोकं चांगलं आहे, पण त्याची पाठ शेपटीपाशी एकदम तुटल्यासारखी उतरते, आणि माझ्या माशाची शेपटी आज जरा खाली दिसतेय ती थंडीमुळे. काका गुडघा सांभाळत खाली वाकले. डॉक्टर वाकले. टब फिरवले, पुन्हा फिरवले. चांगली दहा-पंधरा मिनिटं चर्चा चालली. मी बादली हातात घेऊन बाजूला उभा होतो.

निकाल बदलला नाही. काकांनी बाईंना कारण सांगितलं: शेपटी थंडीने खाली येते हे खरं, पण गुण आज जे दिसतं त्याला. बाईंनी मान डोलावली. पटलं नाही असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. तिसऱ्या नंबरची ढाल घेऊन त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, पिशवी भरायची आहे, तुमच्याकडचं शिळं पाणी द्या, आणि गाठ जरा सैल मारा.